कपाळावरची नागीण आणि धमन्यांचा दाह

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील करोनाचे पहिले रुग्ण आपल्या इस्लामपुरात आढळले. तेव्हापासून दवाखान्यात येणारे ज्येष्ठ वारंवार विचारतात, ‘विषाणू रक्तवाहिन्यांतही शिरतो का हो?’ करोनात रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते, गुठळ्या होतात, हे आपण ऐकले आहे. परंतु उतारवयात अधिक ध्यानात ठेवावा असा विषाणू जुना आणि घरोघरचा आहे, तो नागिणीचा.

लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी निद्रिस्त राहतो आणि प्रतिकारशक्ती मंदावली की नागिणीच्या रूपाने उठतो. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. पाहावयाची ती जागा. कपाळावर वा डोळ्याभोवती उठलेली नागीण डोळ्यास इजा करू शकते. शिवाय विषाणू मज्जातंतूवाटे मेंदूच्या धमन्यांपर्यंत पोहोचून तेथे दाह निर्माण करू शकतो. पुढील काही महिने पक्षाघाताचा धोका त्यामुळे वाढतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हाव्यात. लेप आणि मंत्र यांत हे तीन दिवस दवडू नका. पन्नाशीनंतर घ्यावयाची दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळते. ती महाग आहे, हे मान्य.

कानशिलाच्या धमनीचा दाह हा मात्र निराळा आजार. आपल्याकडे तो विरळा, आणि बहुधा सत्तरीच्या आसपास होणारा. २०१५ साली अमेरिकी संशोधकांनी अशा ८२ रुग्णांच्या धमन्या तपासल्या, तेव्हा ६१ जणांत नागिणीच्या विषाणूच्या खुणा दिसल्याचे त्यांनी नोंदविले. पुढे इतर प्रयोगशाळांना मात्र तसे आढळले नाही. माझ्या मते विषाणूवरील आरोप येथे सिद्ध झालेला नाही.

म्हणून उपचार थांबत नाहीत. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारे कानशील, भाकरी चावताना भरून येणारा जबडा, क्षणभर अंधारून येणारी दृष्टी, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या तालुक्यातही होतात. संशय बळकट असेल, तर धमनीच्या तुकड्याच्या अहवालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करावे लागते, कारण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. साखर वाढते म्हणून घरच्यांनी या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. साखरेचे औषध वाढविता येते.