विश्लेषण : एकच सीट दोघांना विकली जाऊ नये म्हणून डेटाबेस काय करतो?

रविवारच्या नाटकाचे ऑनलाइन बुकिंग सुरू होते. तुम्ही ठाण्यातून ‘एफ १२’ निवडता, त्याच क्षणी डोंबिवलीतून कुणी तरी तीच सीट निवडते. दोन्ही विनंत्या वेगवेगळ्या सर्व्हरवर पोहोचतात आणि दोघांनाही सीट रिकामी दिसते. मग तिकीट कुणाला?

कुलूप डेटाबेसमध्येच का?

एका सर्व्हरने स्वतःच्या मेमरीत लावलेले कुलूप, म्हणजे ‘लॉक’, दुसऱ्याला दिसत नाही. ते दोघांना दिसेल अशा जागी हवे. डेटाबेस आधीपासून तिथे असतोच. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ म्हटले की ती नोंद अडवली जाते आणि तिच्यावर तसाच हक्क सांगणाऱ्या दुसऱ्याला थांबावे लागते. मधेच सर्व्हर बंद पडून जोडणी तुटली, तर डेटाबेस व्यवहार रद्द करून लॉक सोडवतो.

मग अडचण कुठे येते?

ओटीपी येऊन पैसे भरेपर्यंत काही मिनिटे जातात. तेवढा वेळ व्यवहार उघडा ठेवणे परवडत नाही, कारण डेटाबेसच्या जोडण्या मोजक्याच असतात. म्हणून नोंदीतच लिहितात : सीट अमुकसाठी, इतक्या वाजेपर्यंत राखीव. ‘सीट मोकळी असेल किंवा मुदत संपली असेल तरच माझे नाव लिही’ असा एकच आदेश दिला जातो. एक नोंद बदलली तर सीट तुमची, शून्य बदलल्या तर दुसऱ्याची. घड्याळ मात्र डेटाबेसचेच धरायचे. दोन सर्व्हरची घड्याळे जुळतीलच असे नाही.

मुदत संपल्यावर काय?

खरी गोम इथे आहे. लॉक घेतलेला सर्व्हर मेमरी साफ करताना काही काळ गोठू शकतो. तेवढ्यात मुदत संपते आणि सीट दुसऱ्याला मिळते. पहिला जागा होतो तो लॉक आपल्याकडेच आहे या समजुतीत, आणि नोंद पुसून आपली लिहितो. संशोधक मार्टिन क्लेपमन यांनी २०१६ मध्ये रेडिसच्या ‘रेडलॉक’ पद्धतीवर याच मुद्द्यावरून टीका केली. रेडिसचे निर्माते साल्वातोरे सानफिलिपो यांनी त्याला उत्तरही दिले.

क्लेपमन यांचा उपाय साधा आहे : प्रत्येक नव्या लॉकला चढता क्रमांक द्या आणि लिहिताना तो तपासा. सध्याचा क्रमांक ८ असेल, तर ७ घेऊन आलेल्याला परत पाठवा. लॉक आणि सीट एकाच डेटाबेसमध्ये असतील तर ही तपासणी त्याच आदेशात होते. ‘डिस्ट्रिब्युटेड’ हा शब्द ऐकताच वेगळी लॉक सेवा उभारणाऱ्यांनी आधी हे करून पाहावे. ‘एका प्रयोगाला एक सीट एकदाच’ असे बंधनही डेटाबेसमध्ये घालता येते. बाकी सगळे चुकले तरी दुसरे तिकीट नोंदलेच जात नाही.

पैशांचे काय?

हा क्रमांक बँकेला ठाऊक नसतो. पैसे कापले जाईपर्यंत मुदत संपली असेल, तर डेटाबेस सीट नाकारतो, पण खात्यातली रक्कम गेलेली असते. ती परत करणारा वेगळा कोड बुकिंग कंपनीलाच लिहावा लागतो.