अक्षरांनी भरलेले चेहरे

मुंबईच्या युनियन बँकेत चंद्रकांत भिडे टंकलेखक होते. एकदा इंटरकॉमच्या नंबरांची यादी टाइप करायचं काम आलं आणि त्यांनी ती चक्क टेलिफोनच्या आकारात टाइप केली. पुढे त्याच यंत्रावर गणपती उमटला, नामवंतांचे चेहरे उमटले, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅनसुद्धा. निवृत्तीच्या वेळी बँकेने ते यंत्र त्यांना एका रुपयात देऊन टाकलं. आपल्याकडे कचेरीच्या यंत्राला मिळालेला इतका यथोचित मान मला दुसरा आठवत नाही.

टाइपरायटर चित्रासाठी घडवलेलाच नाही, उलट तो चित्राच्या आड येतो. नेहमीच्या पायका टाइपात आडव्या इंचात दहा अक्षरं बसतात, उभ्या इंचात सहा ओळी. ए-फोर कागदावर जेमतेम पाच हजार सातशे घरं होतात. एवढ्यात डोळ्यातली चमक, ओठाची मुरड, गालाची गोलाई बसवायची. म्हणून हे कलाकार घरं मोडायला शिकतात. बॅकस्पेस मारून एकाच जागी दुसरं अक्षर चढवायचं. रोलरची पकड सैल करून कागद हाताने केसभर वर-खाली सरकवायचा आणि संयोगचिन्हांची माळ वळवत न्यायची, की भुवईची कमान तयार होते. पूर्णविरामाने फिकट छटा येते, एक्सने मध्यम, ॲट-द-रेटचं चिन्ह दोनदा मारलं की केसांचा काळोख.

पण मला विचाराल तर या कलेचं मर्म चिन्हांच्या निवडीपेक्षा बोटात आहे. टायपिंग क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून बजावत, सगळ्या कळांवर सारखा दाब द्या. इथे तेच विसरावं लागतं. तीच कळ हलकेच टेकवली तर राखाडी ठसा, जोरात मारली तर काळा कुळकुळीत. नको तितक्या जोरात मारली तर पूर्णविराम कागदाला भोकच पाडतो. रिबन नवी असेल तर सगळं गडद, जुनी असेल तर सगळं विटकं. आणि खोडरबराची सोयच नाही. चार दिवसांच्या कामानंतर नाकपुडीपाशी एक कळ चुकली, तर ती चूक चित्रात मुरवून घ्या, नाहीतर नवा कागद चढवा.

ही हौस यंत्राइतकीच जुनी म्हणायला हवी. फ्लोरा स्टेसी या इंग्रज बाईंनी टाइप केलेलं फुलपाखरू १८९८ सालचं आहे.

या कलेतल्या पॉल स्मिथ यांच्यापाशी मात्र थांबायलाच हवं. जन्म १९२१, फिलाडेल्फिया. सेरेब्रल पाल्सीमुळे हात थरथरत, हवी ती कळ दाबण्यासाठी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवावा लागे. एका वेळी दोन कळा दाबणं अशक्य, म्हणून त्यांनी शिफ्ट कायमची अडकवून टाकली आणि आकड्यांच्या कळांवर वरच्या बाजूला जी चिन्हं असतात, ॲट, डॉलर, टक्का, फुली, कंस, तेवढ्यांवर बहुतेक काम केलं. त्यांची मोनालिसा बघताना आधी चेहरा दिसतो, मग जवळ गेल्यावर टक्के आणि डॉलर. २००७ मध्ये ते गेले.

आपल्या देवनागरी यंत्रात एक वेगळीच सोय आहे, तिचा चित्रांसाठी पुरेसा वापर व्हायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. मात्रा, उकार अशा काही कळा मारल्या तरी कॅरिज पुढे सरकत नाही. म्हणजे बॅकस्पेस न मारता एकाच घरात ठशावर ठसा चढवता येतो. शिवाय उकाराची गाठ, रफाराचा आकडा, वेलांटीचं वळण. इंग्रजी कळफलकावर नसलेली किती वळणं इथे तयार मिळतात.

लंडनमधला जेम्स कुक हा तरुण पॉल स्मिथ यांच्याविषयी कळल्यावर २०१४ च्या सुमारास या वाटेला लागला. तो इमारती काढतो, शहरं काढतो. रोलरच्या रुंदीपेक्षा मोठं चित्र हवं असेल तर अनेक कागदांवर तुकडे टाइप करून शेजारी-शेजारी जोडतो. अशा जोडकामात प्रत्येक कागदाच्या कडेवरची छटा शेजारच्याशी जुळावी लागते, आणि तोवर रिबन थोडी झिजलेली असते.