चिलटाचे ऋण

इफ्तारसाठी आणलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली, की त्यांच्यावर बारीक चिलटे जमतात. अम्मी फडक्याने ती हाकलते, आपण टोपली झाकतो आणि विसरून जातो. आम्हीही विसरत होतो. पण एका विद्यार्थिनीमुळे आम्हाला या क्षुद्र जिवाकडे नीट पाहावे लागले.

आमच्या शाळेतील सातवीच्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. उपचार घेऊन ती घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते : औषधांमुळे तिची रोगप्रतिकारशक्ती कमी झाली आहे, तिला इतरांच्या सर्दी-तापापासून जपा. मोहल्ल्यात मात्र उलटेच पसरले, की तिचाच आजार दुसऱ्यांना लागेल. मैत्रिणींना तिच्या घरी जायला मनाई झाली. वर्गात एकीने विचारले, "टीचर, कॅन्सर लागतो का? आणि प्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय?"

पहिल्याचे उत्तर सोपे होते : नाही, सोबत बसल्याने, जेवल्याने कर्करोग लागत नाही. दुसऱ्यासाठी पुस्तके उघडली, आणि तिथे फळमाशी भेटली.

तिचे शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली आणि आनुवंशिकतेचा अभ्यास पालटला. अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात, एका बाटलीत शेकडो माश्या मावतात. 2000 साली तिचा जनुकीय आराखडा वाचला गेला. माणसाच्या आजारांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे पाऊणपट जनुकांचे जोडीदार तिच्यात आहेत.

ही माशी सडक्या फळांवर, जिवाणू आणि बुरशीच्या गर्दीत जगते. आपल्यासारख्या अँटिबॉडी तिच्याकडे नाहीत. मग ती तग कशी धरते? फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल्स हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये याचे उत्तर शोधले. 'टोल' नावाचे जनुक अंड्यातील जिवाची पाठ-पोट ठरवते, एवढे आधी माहीत होते. ज्या माश्यांत ते बिघडलेले होते, त्या बुरशीच्या संसर्गाने मेल्या. म्हणजे शत्रू आल्याची वर्दी टोलच्या वाटेने पोहोचते आणि शरीर बुरशीनाशक द्रव्ये बनवू लागते. 1998 मध्ये ब्रूस ब्यूटलर यांना उंदरांत असाच पहारेकरी सापडला. माणसातही असे सुमारे दहा पहारेकरी आहेत. संसर्ग झाल्यावर पहिली हाक तेच देतात.

2011 चे नोबेल या दोघांना आणि राल्फ स्टाइनमन यांना मिळाले. स्टाइनमन यांनी शोधलेल्या पेशी या पहारेकऱ्यांची वर्दी पुढच्या फौजेला देतात. स्वतःच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगावरही त्यांनी त्याच पेशींचा उपचार करून पाहिला. घोषणेच्या तीनच दिवस आधी त्यांचे निधन झाले होते.

कर्करोगाचा धागाही माशीपर्यंत जातो. मॉर्गन यांच्या काळातच काही माश्यांच्या पंखांना खाच दिसली, म्हणून त्या जनुकाचे नाव 'नॉच'. पेशीने काय व्हावे हे ठरवण्यात त्याचा हात असतो. 1991 मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात माणसातील हेच जनुक तुटलेले आढळले. त्या प्रकारच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत त्यात बिघाड असतो, हे पुढे कळले. पंखावरच्या खाचेपासून इथवर यायला पाऊण शतक लागले.

आपल्याकडेही ही माशी नवी नाही. अलीगढमध्ये शिकलेले ओबेद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तिला वास आणि चव कशी कळते, याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला.

हे सारे आम्ही वर्गात सांगितले आणि पालकसभेतही. रुग्णाला भेटायला जायचे, तर आधी तिच्या घरच्यांना विचारावे. सर्दी-खोकला असेल त्याने जाऊ नये. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत, मास्क लावावा. कापलेली उघडी फळे नेऊ नयेत.

ईदच्या तिसऱ्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणी मास्क लावून, राहिलेल्या धड्यांच्या वह्या घेऊन तिच्या घरी गेल्या. एकीची अम्मी सोबत होती.