मधुमेह आणि पायांचे मज्जातंतू

परमपूज्य बाबासाहेबांची अखेरच्या वर्षांतील छायाचित्रे पाहताना हातातील काठी नजरेतून सुटत नाही. त्यांना मधुमेह होता आणि पायांच्या मज्जातंतूंच्या विकाराने ते त्रस्त होते. वेदनांमुळे झोप येत नसे. १९४८ मध्ये विवाह झाल्यापासून माईसाहेबांनी त्यांचे औषधपाणी सांभाळले. हे आपण भाषणांतून ऐकतो. परंतु मधुमेहात पायांचे मज्जातंतू का बिघडतात, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते.

मज्जातंतू म्हणजे विजेची तार, असे शाळेत शिकवतात. पण ही तार जिवंत असते. तिलाही प्राणवायू लागतो आणि तो केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात व आतील वाट अरुंद होते. शिवाय वाहिनीला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू वाहिनीच्या अस्तरात कमी तयार होतो. वाहिनी आवळलेली राहते आणि तंतूची उपासमार होते.

आपल्याकडच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांत क्षार धरले तर काय होते? विहिरीत पाणी असते, मोटारही चालू असते, तरी झाड सुकते. म्हणूनच पायांना मुंग्या येतात म्हणून ‘रक्त वाढवायचे’ टॉनिक पिऊन उपयोग होत नाही. अर्थात सगळा दोष रक्तपुरवठ्याचा नाही. जादा साखर तंतूच्या आत शिरून त्याला थेटही इजा करते. दोहोंपैकी कोणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तशी बधिरता वर सरकते.

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. एकदा पेन्शनच्या दिवशी एक निवृत्त गुरुजी एकाच पायात चप्पल घालून पुढे आले. दुसरी रांगेतच निसटली होती, त्यांना पत्ताच नव्हता. वर म्हणाले, “पूर्वी पायांची आग व्हायची, आता काही दुखत नाही. बरे झाले!” आम्हाला मात्र धस्स झाले. दुखणे थांबले होते, कारण खबर देणारा तंतूच निकामी झाला होता. अशा पायाला खिळा टोचला तरी कळत नाही; मोठ्या रक्तवाहिन्याही अरुंद झाल्या असतील तर जखम भरत नाही. पाय कापण्याची वेळ बहुधा अशीच येते.

अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्सुलिनवर अवलंबून असणाऱ्या त्या रुग्णांत साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने हा विकार सुमारे ६० टक्क्यांनी टळला. उतारवयातील मधुमेहात फायदा इतका मोठा दिसत नाही, तरी साखर, रक्तदाब आणि तंबाखू या तिन्हींकडे पाहावेच लागते. तंबाखू रक्तवाहिन्या आणखी आवळते. विडी ओढणाऱ्या आमच्या सभासदांना हे आवडणार नाही!

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या तेथील मुक्कामाच्या स्मरणार्थ आपली माणसे जमतात. मधुमेही मंडळींनी तेथे अनवाणी फिरू नये. परतल्यावर तळपाय स्वतः पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. बधिर पायांना गरम विटेचा शेक देऊ नये, कारण भाजलेले कळत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक दोरा तळपायाला टेकवून ही तपासणी होते. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.