कच्च्या मडक्याचा ध्वनी

आषाढीच्या पर्वकाळी संतचरित्रांचे श्रवण घरोघरी होते. तेरणेकाठच्या तेर गावी गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता घडलेला प्रसंग भाविकांस मुखोद्गत आहे. मडके पक्के की कच्चे, हे पारखण्याच्या थापटण्याने काकांनी संतांच्या मस्तकांची परीक्षा घेतली. सर्व निमूट राहिले. नामदेवराय तेवढे रागावले आणि ‘कच्चे मडके’ ठरले. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे.

या प्रसंगी श्रोते हमखास हसतात. हास्यरस येथे आहेच. पण तो शेवटचा रस नव्हे. शब्दांच्या उघड अर्थापलीकडे जो अर्थ सुचविला जातो तोच काव्याचा आत्मा, असे नवव्या शतकात आनंदवर्धनाचार्यांनी ‘ध्वन्यालोका’त प्रतिपादिले. त्या दृष्टीने नामदेवांचे पात्र पाहावे. हा राग गर्विष्ठाचा आहे, तसाच लाडक्या लेकराचाही आहे. म्हणूनच ते तडक पंढरीस जाऊन विठ्ठलापाशी गाऱ्हाणे मांडतात. देव त्यांची समजूत घालीत नाही. गुरूकडे जा म्हणतो. औंढा नागनाथी विसोबा खेचर भेटतात, आणि पाय ठेवावा तेथे पिंडी दिसू लागते.

आता ‘कच्चे’ या शब्दाकडे वळू. भाजलेले मडके फुटले तर त्याचे खापरच होते. कच्चे मडके पाण्यात भिजवून पुन्हा चाकावर चढविता येते. काकांच्या निवाड्यात दूषण आहे, तशीच आशाही आहे. कुंभाराच्या तोंडून आल्यामुळेच हा ध्वनी उमटतो. विशेष असे की, नामदेवांच्या गाथेतही ही परीक्षा येते. स्वतःचा कच्चेपणा गाऊन ठेवणारा भक्त कच्चा कसा म्हणावा?

परंतु आपण कथा ऐकतो आणि घरी येऊन थापटणे दुसऱ्याच्याच मस्तकावर उगारतो! सून कच्ची, मुलगा कच्चा, शेजारी कच्चा. कथेतील परीक्षकाची जागा श्रोत्यासाठी नाही. नामदेवांच्या जागी बसून ऐकावे, तरच अर्थ उलगडतो.

पंढरपुरी महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांची चरणधूळ मस्तकी पडावी म्हणून त्यांनी तेथे समाधी घेतली, असे परंपरा सांगते. थापटण्याचा एक टोला ज्या मस्तकाला सोसवला नाही, त्याच मस्तकाने लक्षावधी पावले मागून घेतली. कथेचा उत्तरार्ध त्या पायरीवर आहे.