अधिकारावाचून चौकशी : नागरिकांच्या स्वयंसेवी हक्क-आयोगांविषयी काही विचार

‘आयोग’ ह्या शब्दाबरोबर आपल्या मनात शासनाची अधिसूचना, निवृत्त न्यायाधीश, समन्स आणि यथाकाळ सभागृहापुढे ठेवला जाणारा अहवाल ह्या गोष्टी उभ्या राहतात. प्रस्तुत लेखात ज्या आयोगांचा विचार करावयाचा आहे, त्यांपाशी ह्यांपैकी समन्स नसते, अधिसूचना नसते आणि त्यांचा अहवाल स्वीकारण्यास कोणतेही सभागृह बांधलेले नसते. असे असूनही नागरिकांनी नागरिकांच्या हक्कांविषयी केलेल्या चौकशीची परंपरा आपल्या प्रांतात शासकीय मानवी हक्क आयोगापेक्षा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ज्याला साक्षीदार बोलावण्याचाही अधिकार नाही, त्याच्या निष्कर्षाला मान का द्यावा, हा राज्यशास्त्राच्या अभ्यासकापुढील खरा प्रश्न होय.

अमेरिकेतील अनेक शहरांत मानवी हक्कांसाठी अथवा मानवी संबंधांसाठी म्हणून नगराची मंडळे असतात. १९४३ च्या जून महिन्यात डेट्रॉइट येथे वांशिक दंगल झाली, तेव्हा तिचे लोण आपल्या शहरात पोहोचू नये म्हणून शिकागोच्या महापौरांनी त्याच वर्षी एक समिती नेमली. पुढे त्या धर्तीची मंडळे इतरत्रही निघाली. त्यांचे सभासद बहुधा विनावेतन काम करणारे नागरिक असतात व घर भाड्याने देताना किंवा नोकरीवर ठेवताना झालेल्या भेदभावाच्या तक्रारी ते ऐकतात. परंतु त्यांच्या पाठीशी नगराचा काही ना काही लेखी ठराव असतो. आपल्याकडे ते काम ज्यांनी केले, त्यांना ना महापौराने नेमले, ना राज्याने. म्हणून ‘स्वयंसेवी’ हे विशेषण आपल्या संदर्भात अधिक कडक अर्थाने घ्यावे लागते.

ह्या परंपरेचा आरंभ पुण्याच्या सार्वजनिक सभेपासून धरणे योग्य ठरेल. २ एप्रिल १८७० रोजी ही सभा स्थापन झाली. निमित्त पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या असंतोषाचे होते. देवस्थानाच्या व्यवस्थेबद्दल तक्रार करावयाची तर ती कोणाच्या वतीने, हा प्रश्न तेथे उपस्थित झाला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या प्रश्नाला दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सहीचे मुख्त्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम त्यांनी केला. अशा रीतीने आरंभी ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या वतीने बोलू लागले. ज्या काळी प्रांतिक कायदेमंडळात एकही निवडून आलेला प्रतिनिधी नव्हता, त्या काळी वकिलाच्या कचेरीतील एक नित्याचा कागद प्रतिनिधित्वाचे साधन झाला. निवडणुकीचा कायदा नसल्यामुळे करारनाम्याच्या कायद्यातून प्रतिनिधी निर्माण करण्याची ही युक्ती आपल्या राजकीय विचाराच्या इतिहासात जितकी चर्चिली जावयास हवी होती तितकी चर्चिली गेलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुख्त्यारपत्राने सभेला बोलण्याचा अधिकार दिला. काय बोलावे हे मात्र चौकशीनेच ठरणार होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ह्याची कसोटी लागली. रिचर्ड टेंपल ह्यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्याच्या मानाने उतरविण्यात आले. सभेने गावोगावच्या आपल्या माणसांकडून माहिती मागविली, ती संगतवार लावून सरकारकडे धाडली आणि वेतन उतरल्यावर ज्या मजुरांनी सरकारी कामे सोडली त्यांची बाजू मांडली. ह्या निवेदनांत भावनेला फारसा वाव नाही. पाऊस, पिके, भाव, स्थलांतर, मृत्यू ह्यांची माहिती प्रांतवार दिलेली आढळते. सरकारी अहवालाला उत्तर द्यावयाचे ते सरकारी अहवालाच्याच रीतीने, हा न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रभावाखाली घडलेला सभेचा बाणा होता. १८७८ पासून निघालेल्या तिच्या त्रैमासिकात हाच बाणा पुढे चालू राहिला.

१८९६-९७ च्या दुष्काळात सभेचे रूप पालटले होते. १८९५ मध्ये ती टिळकांच्या पक्षाकडे गेली आणि रानडे-गोखले ह्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा वेगळी काढली. तोवर सरकारने स्वतःच दुष्काळ-संहिता केलेली होती. सभेच्या कार्यकर्त्यांनी ह्या संहितेतील सवलती रयतेला मराठीत समजावून सांगण्याचा उद्योग आरंभिला. पूर्वी सभा सरकारला रयतेची स्थिती कळवीत असे, आता ती रयतेला सरकारचा कायदा कळवू लागली. दिशेतील हा बदल सरकारच्या तत्काळ ध्यानात आला. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला निवेदने करण्याचा सभेचा हक्क आपण यापुढे मानणार नाही, असे जाहीर केले. सभा बंद झाली नाही, तिच्यावर खटला झाला नाही. तिची पत्रे तेवढी अनुत्तरित राहावयाची होती. स्वयंसेवी आयोगाचे मर्मस्थान कोठे असते, हे ह्या एका आज्ञेवरून समजते.

येथे ह्या उद्योगाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पुणे-सातारा रस्त्यावरील शिवरे ज्या परिसरात येते, त्या आजच्या भोर व पूर्वीच्या वेल्हे तालुक्यांचा बराचसा मुलूख त्या काळी पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे आणि १९४८ पर्यंत तो तसाच होता. पुण्याहून एका दिवसाच्या पायी वाटेवरील शेतकऱ्याला ब्रिटिश मुलखातील दुष्काळ-संहितेचा आधार हक्क म्हणून सांगता येत नसे. त्याचा धनी निराळा होता. शहराच्या सभेची दृष्टी कितीही दूर पोहोचली, तरी तिची भाषा ज्या कायद्यावर उभी होती त्या कायद्याची हद्द मध्येच संपत होती.

प्रतिनिधित्वाकडून पुराव्याकडे हा भर कसा सरकला, ते पाहण्यासाठी क्षणभर पंजाबकडे वळले पाहिजे. जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर शासनाने हंटर समिती नेमली. तुरुंगातील पुढाऱ्यांना समितीपुढे उपस्थित राहण्याची मुभा मिळेना, म्हणून काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार घातला व आपली स्वतंत्र समिती नेमली. तिच्या अहवालावर गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या सह्या आहेत. समितीने १,७०० हून अधिक साक्षीदार तपासले, सुमारे ६५० जबान्या छापल्या आणि आपला अहवाल मार्च १९२० मध्ये, म्हणजे हंटर समितीचा अहवाल प्रसिद्ध होण्याच्या आधी, पुरा केला. छापलेल्या जबान्यांचा खंड हे ह्या समितीचे चिरस्थायी कार्य होय. वाचकाने समितीवर विश्वास ठेवावा असे ती म्हणत नाही. जबानी वाचून त्याने स्वतः ठरवावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.

स्वातंत्र्यानंतर चौकशी आयोग अधिनियम, १९५२ आला आणि शासकीय चौकशीला निश्चित रूप मिळाले. ह्या अधिनियमाखालील आयोगाला साक्षीदार बोलावणे, शपथेवर तपासणे, कागदपत्रे मागविणे ह्या बाबतींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल संरक्षण असते. स्वयंसेवी आयोगाला ह्यांपैकी काहीच नाही; अब्रुनुकसानीची टांगती तलवार मात्र आहे. परंतु त्याच अधिनियमात, आयोगाचे अस्तित्व आता अनावश्यक आहे असे शासनास वाटल्यास अधिसूचनेने तो संपुष्टात आणण्याचीही तरतूद आहे. हे कलम पुष्कळदा नजरेआड होते. मुंबईच्या उदाहरणात ते अचानक पुढे आले.

त्या उदाहरणाकडे येण्यापूर्वी शिवऱ्याच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे ह्यांचा उल्लेख केला पाहिजे. सासवडला १९०९ मध्ये जन्मलेले तारकुंडे १९५७ ते १९६९ मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण ह्यांच्याबरोबर ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संघटना आणि १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, नागरी स्वातंत्र्यांसाठीची संघटना त्यांनी उभारली. १९७७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आंध्र प्रदेशातील पोलिस चकमकींची चौकशी केली. तिच्या प्रकाशनानंतर राज्य शासनाला न्यायमूर्ती भार्गव आयोग नेमावा लागला. स्वयंसेवी चौकशीने शासकीय चौकशीला जन्म द्यावा, असा हा प्रकार होय. तारकुंड्यांपासून निवृत्त न्यायमूर्ती हा स्वयंसेवी आयोगांचा कणा झाला. मुख्त्यारपत्राची जागा जणू न्यायासनावरील पूर्वायुष्याने घेतली.

६ डिसेंबर १९९२ नंतर आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ज्या दंगली झाल्या, त्यांत पुढे शासकीय गणनेनुसार ९०० माणसे मृत्यू पावल्याचे नोंदले गेले. शासनाने २५ जानेवारी १९९३ रोजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण ह्यांचा आयोग नेमला. दुसरीकडे, इंडियन पीपल्स ह्यूमन राइट्स कमिशन ह्या स्वयंसेवी आयोगाने मुंबई उच्च न्यायालयाचे दोन निवृत्त न्यायमूर्ती, एस. एम. दाऊद व होस्बेट सुरेश, ह्यांच्याकडे चौकशी सोपविली. ह्या दोघांचा अहवाल ‘द पीपल्स व्हर्डिक्ट’ ह्या नावाने १९९३ सालीच प्रसिद्ध झाला. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल शासनाला १६ फेब्रुवारी १९९८ रोजी सादर झाला. मधल्या काळात, २३ जानेवारी १९९६ रोजी, राज्य शासनाने आयोग गुंडाळून टाकला होता व त्याच वर्षी मे महिन्यात, सार्वजनिक दबावानंतर, तो पुन्हा जिवंत केला होता. ह्या चार महिन्यांत मुंबईच्या दंगलींविषयी न्यायमूर्तींनी लिहिलेला पूर्ण अहवाल एकच अस्तित्वात होता आणि तो अधिकारहीन आयोगाचा होता. जो आयोग शासनाने नेमला नव्हता, तो शासनाला मोडताही येत नव्हता.

ह्यावरून स्वयंसेवी चौकशी श्रेष्ठ ठरते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. श्रीकृष्ण आयोगापुढे पोलिस अधिकाऱ्यांना साक्षीला यावे लागले, पोलिस ठाण्यांचे कागद पटलावर आले, पक्षोपक्षांच्या वकिलांनी उलटतपासणी केली. ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवता आला, तो ह्याच साधनांमुळे. दाऊद व सुरेश ह्यांना समन्स काढता येत नव्हते. ज्याला यावयाचे नसेल त्याला आणण्याचा उपाय नव्हता. अशा चौकशीत बहुतांशी एकच बाजू, म्हणजे ज्याने सोसले त्याची बाजू, कागदावर येते. हा दोष मानला तरी तो स्वयंसेवी आयोगाच्या पक्षपातातून न येता दुसऱ्या बाजूच्या गैरहजेरीतून येतो, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. उलट त्वरेचा गुण त्यांच्याकडे राहतो. घटनेनंतर काही महिन्यांत घेतलेली जबानी आणि चार वर्षांनी वकिलांच्या प्रश्नांना दिलेले उत्तर ही दोन वेगळ्या जातींची साधने आहेत. इतिहासकाराला दोन्ही लागतात.

तीच व्यक्ती दोन्ही भूमिकांत काम करते तेव्हा हा फरक विशेष स्पष्ट होतो. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे २००२ च्या गुजरातमधील हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या न्यायासनाचे सदस्य होते. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या आयोगावर त्यांनी राज्यातील मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी केली. न्यायबुद्धी तीच, पहिल्या ठिकाणी बोलावण्याचा अधिकार नाही, दुसऱ्या ठिकाणी आहे.

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ नुसार महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचे काम २००१ मध्ये मुंबईस सुरू झाले. आता हक्कांसाठी शासकीय आयोग असताना स्वयंसेवी चौकशीची गरज काय, असे कोणी विचारील. अधिनियम वाचणाऱ्याला ह्याचे उत्तर त्याच्याच कलमांत सापडते. घटनेला एक वर्ष उलटून गेल्यास आयोगाला चौकशी करता येत नाही. दुसऱ्या आयोगापुढे असलेले प्रकरण हाती घेता येत नाही. आणि चौकशीअंती तो शासनाला शिफारस करतो, आज्ञा करीत नाही. एका अर्थी शासकीय मानवी हक्क आयोगही अधिकारावाचूनच बोलतो, केवळ समन्स काढून बोलतो. त्याच अधिनियमाने अशासकीय संस्थांच्या प्रयत्नांना उत्तेजन देणे हे आयोगाचे एक कार्य म्हणून सांगितले आहे. शिवऱ्यासारख्या गावातील तक्रारदाराला अर्ज लिहून देणारा, घटनेचा दिनांक वर्षाच्या आत बसवून देणारा माणूस प्रायः ह्या अशासकीय वर्तुळातूनच येतो.

मुंबईच्या प्रकरणाचा शेवटचा दुवा अलीकडचा आहे. दंगलींत बेपत्ता झालेल्या १६८ व्यक्तींपैकी केवळ ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये उरलेल्या १०८ जणांच्या वारसांचा शोध घेऊन त्यांना व्याजासह रक्कम द्यावी, असा आदेश दिला आणि त्यावर देखरेखीसाठी समिती नेमण्यास सांगितले. तीस वर्षांनंतर वारस शोधावयाचे म्हणजे कोण कोठे राहत होते, शेवटी कोणी पाहिले, घर सोडून ते कुटुंब कोठे गेले, ह्याच्या नोंदी हव्यात. शासकीय कागदांत जे सापडत नाही, ते १९९३ च्या उन्हाळ्यात वस्त्यावस्त्यांत फिरून जबान्या घेणाऱ्यांच्या कागदांत कितपत सापडते, हे पडताळून पाहण्याजोगे आहे. आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हे काम अंगावर घ्यावे.