कोयत्याचा भाव आणि मुकादमाचा वाटा

दिवाळी सरते आणि कृष्णाकाठच्या रस्त्यांचे रूप पालटते. कराड, इस्लामपूर, पलूस, सांगली, कुठेही जा; उसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि कुरकुरत जाणाऱ्या टायरच्या बैलगाड्या यांच्यामागून वाहने गोगलगाईच्या चालीने सरकताना दिसतात. गावाबाहेरच्या माळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपी उभ्या राहतात. पहाटे चारला तिथल्या चुली पेटतात आणि उजाडायच्या आत कोयते फडात पोचलेले असतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून, तसेच आपल्याच जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यांतून ही माणसे येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर आपल्या चहात पडते, पण त्यांची मजुरी ठरते कशी, याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

वाळवा तालुक्यात माझी दीड एकर जमीन आहे आणि तिच्यात ऊस असतो. शाळेतली नोकरी संपल्यावर फडावर बसायला सवड मिळू लागली. मी शिक्षक, म्हणून कोपीवरची माणसे कागद वाचून घ्यायला येतात. या लेखाचे निमित्त अशाच एका कागदाचे आहे. बीडकडची एक बाई कारखान्याच्या काट्यावरची पावती घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘गुरुजी, ह्याच्यात आमचं किती लिवलंय ते सांगा बरं.’’ पावतीवर वाहनाचा नंबर होता, वजन होते, शेतकऱ्याचे नाव होते. मी म्हणालो, ‘‘बाई, हे साऱ्या गाडीचं वजन आहे. तुमचं वेगळं यात नाही.’’ तिने विचारले, ‘‘मग आमचं वेगळं कुठं लिवलेलं असतंय?’’

ते लिहिलेले असते मुकादमाच्या वहीत, आणि या धंद्याची सारी नाडी त्या वहीतच आहे.

या धंद्याचे शब्दही निराळे. ‘कोयता’ म्हणजे नुसते हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. पाच-दहा कोयत्यांची टोळी होते आणि टोळीचा प्रमुख तो मुकादम. पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा त्याच्याही आधी कारखाना वाहनमालकाशी करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. वाहनमालक ती मुकादमाला देतो आणि मुकादम गावी जाऊन घरोघर वाटतो. हिलाच ‘उचल’ म्हणतात. कुणाच्या मुलीचे लग्न असते, कुणाचे दवाखान्याचे देणे असते, कुणाला घरावर पत्रे घालायचे असतात. उचल घेतली की हंगामाला यायचे बांधून घेतलेले असते. पुढे फडात मजुरी टनावर मांडली जाते आणि ती उचलीतून फिटत जाते. मधल्या काळात पोटापुरती मिळते ती ‘खर्ची’. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’, आणि त्याचा दंड पुन्हा वहीत चढतो.

आता हिशेब पाहू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि संघटना यांच्यात करार झाला. २०२३-२४ पासूनच्या तीन हंगामांसाठी तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ आणि मुकादमाच्या कमिशनात १ टक्का वाढ ठरली. टनाला सुमारे २७३ रुपये असलेला दर ३६६ च्या घरात गेला आणि कमिशन १९ वरून २० टक्क्यांवर आले. हे कमिशन मजुरीतून कापत नाहीत, वर देतात. म्हणजे मजुराच्या १०० रुपयांमागे मुकादमाला २० रुपये.

समजा, एका जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून वाहून गाडी भरली. दोघांचे मिळून ७३२ रुपये झाले. कामाचे दिवस १२० धरले तर हंगामाचे ८७,८४० रुपये. उचल ८०,००० ची असेल आणि पंधरवड्याला ३,००० प्रमाणे आठ पंधरवड्यांची खर्ची २४,००० झाली असेल, तर हंगामाच्या शेवटी त्या जोडीच्या नावावर १६,१६० रुपये बाकी निघते. चार महिने उसात राबून जोडी देणेकरी होऊन गावी परतते आणि ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. त्याच हिशेबाने दहा कोयत्यांच्या मुकादमाचे कमिशन पावणेदोन लाखांच्या आसपास जाते.

आणखी एक गंमत आहे, आणि ती कागद-पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय ध्यानात येत नाही. जुन्या दराने मुकादमाला टनामागे सुमारे ५२ रुपये मिळत, नव्या दराने ७३ मिळू लागले. मजुराची वाढ ३४ टक्के, मुकादमाची ४१ टक्के! कमिशन टक्क्यांत असले की मजुरी वाढते तेव्हा ते आपोआप वाढतेच. त्यावर टक्काही वाढवला, तर मधल्या माणसाला दुहेरी वाढ मिळते. जाहीर होते ती मात्र मजुराची वाढ.

म्हणून मुकादमाला सरसकट खलनायक ठरवावे का? तसे करणे सोपे आहे, न्यायाचे नाही. उचलीच्या कागदावर सही त्याची असते. एखादी जोडी उचल घेऊन दुसऱ्याच कारखान्याला गेली, तर वाहनमालक त्याच्या दारात उभा राहतो. माणजवळच्या एका मुकादमाने मला सांगितले, ‘‘गुरुजी, वीस टक्के दिसतात सगळ्यांना. माझ्या जमिनीचा कागद कुठं अडकलाय, ते कोण बघतंय?’’ रात्री-अपरात्री बाळंतपणाला गाडी तोच काढतो, कोपीतली भांडणे तोच मिटवतो. उलट बाजूही आहे. लाखो रुपयांची उचल घेऊन मुकादमच फिरकला नाही, म्हणून कर्जात बुडालेले वाहनमालक सातारा-सांगलीच्या गावोगावी सापडतात. कमिशन ही या जोखमीची किंमत आहे. पण ही सारी जोखीम उचलीतून जन्मते, आणि उचल आहे तोवर मजुराला दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसते. आगाऊ पैशाच्या बदल्यात माणूस बांधून घेण्याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी केली आहे, हे या संदर्भात विसरता येत नाही.

मग हे कमिशन भरतो कोण? कारखाना, असे आपण म्हणतो. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या दरातून वजा होतो. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी, कमिशन आणि वाहतूक वजा जाऊन उरते ते शेतकऱ्याच्या हाती पडते. शिवाय फडात टोळी आणायची तर ‘खुशाली’ आणि चालकाची ‘एंट्री’ वेगळीच. असे असून कराराच्या टेबलाशी ऊस उत्पादक नसतो. मजुराच्या नावाने जे बसतात, त्यांतल्या काही संघटनांत मजूर, मुकादम आणि वाहतूकदार एकत्रच असतात. ज्याचा वाटा कापायचा आणि ज्याचा वाढवायचा, ते एकाच बाकावर!

पूर्वी हे तंटे लवादाने सुटत. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांनी बसून दर ठरवावा आणि मग ‘कोयता बंद’ मागे घ्यावा, ही वर्षानुवर्षांची रीत होती. २०१४ साली मुंडे गेले, पुढे पंकजा मुंडे त्या जागी आल्या. दर वाढत गेले हे खरे, पण पैसा मजुरापर्यंत पोचण्याची वाट मात्र तीच राहिली.

हे दुखणे फक्त फडातले नाही. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत बसतो, पण त्याचा पगार देते भलतीच एजन्सी. कंपनी आपल्यासाठी एजन्सीला किती मोजते, हे त्याला दोन वर्षे कळले नव्हते. त्याची खुर्ची गार हवेतली आणि त्या बाईचा फड उन्हातला, तरी प्रश्न एकच: माझे वेगळे कुठे लिहिलेले असते? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या करारात (क्रमांक १८१) तत्त्व घालून दिले की, काम मिळवून देण्याचे शुल्क कामगाराकडून घेऊ नये. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांच्या शुल्कावर आपल्या सरकारनेही मर्यादा घातली. बीडहून वाळव्याला येणाऱ्या जोडीसाठी मात्र मुकादमाची वही हाच कायदा.

काही पावले पडली आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. पण मजुरीच्या मुळाशी हात घालायचा तर गोष्टी साध्याच आहेत. उचल आणि मजुरी बँकेत मजुराच्या खात्यावर जावी आणि जोडीतल्या बाईचे खाते वेगळे असावे. आज ‘कोयता’ दोघांचा असला तरी पैसा एकाच्याच हाती पडतो. प्रत्येक खेपेच्या वजनाची चिठ्ठी टोळीला मिळावी. आणि मुकादमाचे कमिशन मजुरीच्या टक्क्यांत न ठेवता टनामागे ठराविक रुपयांत बांधावे, म्हणजे मजुराच्या नावाने त्याची वाढ होणार नाही.

वाचकहो, यातले बरेच सरकार आणि कारखान्यांच्या हाती आहे, पण एक गोष्ट आपल्याही हातची आहे. तुमच्या रानात टोळी आली, तर काट्यावरच्या पावतीची एक नक्कल तोडणाऱ्यांना द्या आणि वजन मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या घामाचे वजन किती भरले, एवढे तरी माणसाला मुकादमाची वही उघडण्याआधी कळायला हवे. ते ठाऊक असलेला माणूस हिशेबाला बसतो तेव्हा निदान विचारू तरी शकतो.